दवाखान्याची पायरी



वसंतातील व्याख्यानांत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे गड, लढाया, सनदा अथवा थोर पुरुषांची चरित्रे यांची अपेक्षा श्रोते करतात, आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र आज एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास आपणापुढे मांडणार आहोत. ती वस्तू म्हणजे मुलांचे वजन करण्याचा काटा. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा काटा आपल्या घरादारात कसा आला, त्याने कोणती मुले पाहिली आणि कोणती पाहिलीच नाहीत, याचा विचार केल्याखेरीज आजचा एक मोठा कौटुंबिक प्रश्न उलगडत नाही. तो प्रश्न म्हणजे मुलांचा लठ्ठपणा. आणि त्याहूनही नेमके सांगायचे तर, लठ्ठ मुलाच्या घरच्या माणसांनी दवाखान्याची पायरी का चढू नये, व ती त्यांना कशी चढविता येईल, हा.

हा प्रश्न पाहावयाचा तर खारघरइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्या वेळी खारघर, कोपरा, मुर्बी, बेलपाडा, ओवे ही डोंगराच्या पायथ्याची भातशेतीची गावे होती. 1998 साली बेलापूरहून पनवेलपर्यंत लोकल धावू लागली, 2016 च्या ऑक्टोबरात पनवेलची महानगरपालिका झाली व खारघर तिच्यात आले, 2023 च्या नोव्हेंबरात मेट्रोही आली. एका पिढीत खाचरांच्या जागी बहुमजली सोसायट्या उभ्या राहिल्या. बांधावरून चालत शाळेत जाणाऱ्याचा नातू आज लिफ्टने उतरून बसमध्ये बसतो. आईबाप दोघेही मुंबईस नोकरीला. जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास. मूल आजीजवळ. शाळा, मग शिकवणी, मग दूरचित्रवाणी अथवा मोबाईल. हातात पाकीट असतेच.

अशा घरातील नऊ-दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. अंगाने भरलेला आहे. शेजारीण कौतुकाने म्हणते, ‘खात्यापित्या घरचा दिसतो हो!’ मानेवर काळी, मखमलीसारखी कड उमटली आहे. आजी ती मळ समजून रोज आंघोळीला घासते, आणि ती जात नाही. रात्री मुलगा घोरतो. ‘दिवसभर दमतो बिचारा’ असे घरचे म्हणतात. वर्षातून एकदा शाळेत तपासणी होते व एक चिठ्ठी घरी येते: वजन उंचीच्या मानाने अधिक, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ती चिठ्ठी कपाटाच्या खणात जाते आणि तिथेच राहते. हे घर अडाणी नाही, निष्काळजी नाही, पैशानेही फारसे अडलेले नाही. मुलाला ताप आला असता तर याच माणसांनी रात्री बारा वाजता डॉक्टरांचे दार ठोठावले असते. मग ही चिठ्ठी खणातच का राहिली?

पहिले उत्तर आपल्या इतिहासातच आहे. मराठीत ‘बाळसे’ हा शब्द केवळ वर्णनाचा नाही, तो आशीर्वादाचा आहे. 1876 ते 1878 चा दुष्काळ दख्खनने सोसला. त्यानंतर प्लेग आला. 1918 चा इन्फ्ल्यूएंझा आला. ज्या समाजात पाळण्यातले मूल जगेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्या समाजात मुलाच्या अंगावरचे मांस हीच आयुष्याची हमी वाटली तर नवल काय? पुढे बाळांची प्रदर्शने भरली, सुदृढ बालकांच्या स्पर्धा झाल्या, डब्यातल्या दुधाच्या जाहिराती आल्या आणि ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द घरोघरी स्तुतीचा ठरला. आणि हे सारे फार जुने आहे असेही कोणी समजू नये. आज साठी ओलांडलेली जी आजी नातवाच्या पानावर आग्रहाने तूप वाढते, ती 1972 च्या दुष्काळात आठ-दहा वर्षांची होती. आईबाप खडी फोडावयास गेलेले, दुपारी मिळणारी सुकडी आणि घरी लाल मिलोची भाकरी, हे तिने पाहिले आहे, कदाचित खाल्ले आहे. तिच्या हातचा तो आग्रह म्हणजे भुकेची आठवण आहे. तिला ‘तुम्हीच नातवाला बिघडविलेत’ असे म्हणणारा डॉक्टर तिच्याकडून दुसऱ्या भेटीची अपेक्षा कशी करणार?

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट टोकाला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंदित शरीरांचा एक अध्याय आहे. अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघे त्यांत विशेष विचारात घेतले आहेत, आणि या दोहोंत कृशता बरी, स्थूलता अधिक दुःसाध्य, असा निर्णय दिला आहे. निरीक्षण म्हणून ते मार्मिक आहे. परंतु निंदा हा शब्द मात्र वैद्यकातून सुटून लोकव्यवहारात गेला, आणि तिथे त्याने फार नुकसान केले. वर्गातली मुले जाड मुलाला जी नावे ठेवतात ती आपण सर्वांनी ऐकली आहेत, काहींनी ठेवलीही असतील. म्हणजे आपल्याकडे लठ्ठ मुलाचा प्रवास कसा होतो पाहा: पाच वर्षांचा होईतो त्याचे कौतुक, दहाव्या वर्षापासून त्याची निंदा. स्तुतीच्या स्थानकावरून निघालेली ही गाडी थेट निंदेच्या स्थानकावर थांबते. मध्ये उपचाराचे स्थानक लागतच नाही. आमच्या मते सारा प्रश्न या मधल्या स्थानकाचा आहे.

आता काट्याकडे वळू. शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी हिंदुस्थानात प्रथम झाली ती 1909 साली बडोदे शहरात, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. पुढे 1946 साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे तिला म्हणावे लागले. 1960 साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. या सर्व प्रयत्नांत मुख्य चिंता एकच होती: मूल वाळते आहे का? ती चिंता खरी होती आणि आजही संपलेली नाही.

याच सुमारास डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातील खेड्यात एक साधी युक्ती केली. मुलाच्या वजनाचा तक्ता त्यांनी दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिला. दर महिन्याला एक ठिपका, ठिपक्यांची रेघ. रेघ वर जात असेल तर ठीक, आडवी झाली तर सावध. अक्षरओळख नसलेल्या आईलाही ती रेघ वाचता येई.

आपल्याकडे 1970 साली रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. शिकलेली परिचारिका गावात राहावयास तयार होईना, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना हाताशी धरले. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर, पुष्कळजणी दलित. या बायका घरोघर जात, मुले तोलीत, आईशी तिच्याच बोलीत बोलत. 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु जामखेडचा खरा धडा निराळाच आहे. दवाखाना आधीही होता, औषध आधीही होते. कमी होते ते दार आणि दवाखाना यांमधले एक ओळखीचे माणूस. शिवाय तिथे एकाच घरचे मूल तोलले जात नसे, सगळ्यांची मुले तोलली जात. म्हणून काट्यावर चढणे ही नामुष्की झाली नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या रूपाने काटा गावोगाव पोहोचला.

परंतु या काट्याच्या तक्त्याला एक मर्यादा होती, आणि तिच्याकडे फार वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1972 साली कुपोषणाच्या श्रेणी ठरविल्या. अपेक्षित वजनाच्या 80 टक्क्यांवर असलेले मूल ‘सामान्य’. त्याखाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी. खाली उतरणाऱ्या चार पायऱ्या होत्या. वरच्या बाजूस एकही रेघ नव्हती. भुकेच्या काळात ते साहजिक होते. परंतु याचा परिणाम असा झाला की सेविकांच्या, परिचारिकांच्या आणि आयांच्या दोन पिढ्या एकच गोष्ट शिकल्या: काटा जितका पुढे, तितके मूल चांगले.

ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास आरंभिला. या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. आपले बाळ सर्वच बाबतींत लहान. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. बारीक दिसणारे मूल आत चरबी बाळगून जन्मास येते, असा याचा अर्थ. 2004 साली डॉ. याज्ञिकांनी इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, एकच: 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. त्याच वर्षी दिल्लीतील सुमारे दीड हजार तरुणांच्या अभ्यासातून दिसून आले की, पुढे ज्यांना मधुमेह झाला ते लहानपणी फार लठ्ठ नव्हते. परंतु दोन वर्षांच्या वयानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने इतरांहून अधिक वेगाने वाढत गेले होते.

यातून व्यवहारात एक बदल झाला. 2015 साली अकादमीने पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे नवे तक्ते स्वीकारले. या कामात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. परदेशी प्रौढांसाठी 25 व 30 या अंकांवर ज्या मर्यादा आहेत, त्यांच्या ऐवजी इथे प्रौढ वयातील 23 व 27 यांना जुळणाऱ्या रेघा आखल्या गेल्या. तक्त्याला अखेर वरची रेघ मिळाली.

रेघ मिळाली, पण माणूस मिळाले का? 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच पालघरला झाला. डॉक्टरांची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात आणि गरज असेल त्यांस पुढच्या रुग्णालयात पाठवितात. योजना उत्तम आहे. परंतु तिच्या मूळच्या तीस विकारांच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. आणि ती सरकारी व अनुदानित शाळांपुरती आहे. खारघरच्या सोसायट्यांतील बहुतेक मुले लहानपणी अंगणवाडीत जात नाहीत आणि पुढे खाजगी शाळांत जातात. म्हणजे ज्या जाळ्याने वाळलेले मूल हेरले जाते, त्याच्या बाहेरच हे मूल वाढते.

येथे कोणी विचारील की, ज्या महाराष्ट्रात अजून इतकी मुले खुरटलेली आहेत, तिथे ही श्रीमंतांची चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. वजन अधिक असलेली 4.1 टक्के. पण हाच दुसरा आकडा चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत 1.9 टक्के होता. आणि याज्ञिकांचे संशोधन हेच सांगते की हे दोन निराळे देश नव्हेत. कमी वजनाने जन्मलेले मूलच पुढे भरभर लठ्ठ झाल्यास त्याला धोका अधिक. मूळ गावठाणातील मूल असो वा बाराव्या मजल्यावरचे, काटा एकच आणि तक्ताही एकच आहे.

मग केवळ चिठ्ठ्या वाढवाव्यात काय? हा प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला आहे. कॅलिफोर्नियातील 79 शाळांत काही मुलांच्या घरी वजनाचा अहवाल पाठविला, काहींच्या नाही. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अहवाल गेलेल्या मुलांच्या वजनात सुधारणा नाही, उलट शाळेत वजन केल्याने मुलांचे स्वतःच्या शरीराबद्दलचे असमाधान मात्र वाढले. जी गोष्ट जामखेडच्या निरक्षर बायकांना ठाऊक होती तीच इथे आकड्यांनी सिद्ध झाली. कागद माणसाला दवाखान्यात नेत नाही, माणूस नेतो.

उपयोगी काय पडते, याचाही इतिहास आहे. अमेरिकेतील लिओनार्ड एपस्टीन यांनी 1990 साली दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल दिला. ज्या घरांत मुलाबरोबर पालकांनीही आपल्या सवयी बदलल्या, तिथली मुले दहा वर्षांनंतरही सुधारलेली राहिली. 2023 साली अमेरिकन बालरोग अकादमीने मार्गदर्शन केले की तीन ते बारा महिन्यांत किमान 26 तास समोरासमोर बसून सल्ला मिळावा, तो साऱ्या कुटुंबास मिळावा. बारा वर्षांपुढील मुलांत लठ्ठपणा असल्यास याच्या जोडीला औषधांचाही विचार व्हावा. सव्वीस तास! आपल्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाला पाच मिनिटे मिळणे कठीण. तेव्हा हे काम एकट्या डॉक्टराचे नव्हे हे उघड आहे.

खारघरपुरते बोलायचे तर साधने जवळच आहेत. महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली बालरोगतज्ज्ञ आहेत. जोडणारा दुवा तेवढा हवा. शाळेने चिठ्ठी पाठविण्याआधी वर्गशिक्षिकेने अथवा परिचारिकेने आईशी दोन शब्द बोलावे, एकांतात, मुलाच्या पाठीमागे, आणि भेटीची वेळ तिथेच ठरवून द्यावी. ती वेळ रविवारची अथवा सायंकाळची असावी. सकाळी अकराला बोलाविले तर लोकलने जाणारे आईबाप येणार नाहीत. भेटीला आजीला आवर्जून बोलवावे, कारण घरातील ताट तिच्या हाती आहे. सोसायटीत काटा आणि उंचीची पट्टी मांडायची असेल तर ती सर्वांसाठी मांडावी, एका मुलासाठी नव्हे. आणि आकडा मोठ्याने वाचू नये.

दवाखान्यात काय होते याचीही भीती घालविली पाहिजे. पुष्कळांना वाटते की तिथे मुलाला उपाशी ठेवतील. तसे काही नाही. डॉक्टर उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब पाहतात. मानेवरची ती काळी कड पाहतात, कारण ती मळ नसून शरीरातील इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची खूण असते. गरजेप्रमाणे साखर, यकृत, चरबी यांच्या रक्तचाचण्या करवितात. ‘थायरॉईड असेल’ असे घरोघरी म्हणतात, पण ते कारण क्वचितच असते. तशा मुलाची उंचीही खुंटलेली असते, म्हणून उंची खुंटून वजन वाढत असेल तर मात्र लवकर जावे. तहान व लघवी फार वाढणे, झोपेत श्वास अडकणे, गुडघा वा खुबा दुखून लंगडणे, डोके दुखून दिसण्यात फरक पडणे, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. एरवी वाढत्या वयाच्या पुष्कळ मुलांचे वजन घटवावेच लागत नाही. ते काही काळ आहे तिथे राखले, तर उंची वाढून प्रमाण आपोआप सुधारते. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरतो.

आणि घरात बदल करायचा तो सर्वांच्या ताटात. नातवाच्या पानात भाजी-भाकरी आणि बापाच्या हातात वडापाव, हा न्याय मुलाला कळतो आणि तो त्याला मानत नाही. गोड पेये घरात आणूच नयेत. आणून लपवू नयेत. संध्याकाळी तासभर खेळ असावा. खारघरास डोंगर आहे, सेंट्रल पार्क आहे, उणीव फक्त मुलाबरोबर चालणाऱ्या मोठ्या माणसाची आहे. समाजाचे काम समाजाने करावे हेही खरे. महाराष्ट्र शासनाने 2017 साली शाळांच्या उपाहारगृहांत अतिचरबीचे व अतिगोड पदार्थ विकण्यास मनाई केली. 2020 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत ते विकू नयेत असा नियम केला. नियम झाले, ते पाळले जातात की नाही हे शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहणे पालकांच्या हाती आहे.

सभ्यहो, भुकेने वाळलेल्या मुलाला दवाखान्यापर्यंत आणण्याची विद्या या महाराष्ट्राने मोठ्या कष्टाने मिळविली आहे. तिचे तीन नियम आम्हांस दिसतात: काटा घराजवळ न्यावा, सर्वांची मुले तोलावी, आणि आईला दोष देऊ नये. लठ्ठ मुलासाठी नवी विद्या शोधायची नाही. हीच पुन्हा वापरायची आहे. खणात पडलेली ती चिठ्ठी आज घरी गेल्यावर कोणी बाहेर काढील, आणि आजीला जवळ बसवून म्हणेल, ‘आई, तुम्ही त्याला जगवलेत, वाढवलेत, आता रविवारी आपण सगळे मिळून डॉक्टरांकडे जाऊन येऊ,’ तर दवाखान्याची ती पायरी मुळीच उंच वाटणार नाही.